जाळीतलं गवत: घोड्याचं वजन उतरवायचं, पण त्याला उपाशी न ठेवता

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. जळगाव-धुळ्याकडची बरीच मंडळी तिथे घोडे बघायला जातात. बाजारात नजर आधी भरलेल्या, गुळगुळीत पाठीच्या घोड्याकडेच जाते. जरा बरगडी दिसली की आपण पुढे सरकतो. मी घोड्यांच्या आहारावर पीएच.डी. करतेय, त्यामुळे मला काळजी वाटते ती या भरलेल्या घोड्याचीच.

काही घोडे थोडक्या खाण्यावर अंग धरतात. लग्नसराई संपली, घोडा दावणीला उभा, आणि खुराक मात्र तोच. मग मानेवर, खांद्यामागे, शेपटीच्या मुळाशी चरबी साठते. धोका आहे तो खुरांना. खुराचं कवच आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या ऊतींचा दाह होतो. याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा निखाऱ्यावर चालल्यासारखा पाय टाकतो. काही घोडे कायमचे लंगडे होतात.

मग चारा कमी करायचा? हो, पण नुसता कमी केला तर घोडा तो लवकर संपवतो आणि तासन्‌तास रिकामा उभा राहतो. आपल्या पोटात जेवताना आम्ल जास्त सुटतं. घोड्याच्या पोटात ते सतत सुटत असतं. ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणून लांब उपवासाने जठरात व्रण होऊ शकतात.

इथे बारीक भोकांची जाळी कामी येते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या 2014 च्या अभ्यासात जमिनीवर टाकलेलं गवत घोड्यांनी सरासरी 3.1 तासांत संपवलं; तेवढंच गवत सुमारे 3 सेंटिमीटर भोकांच्या जाळीतून खायला 6.5 तास लागले.

पण जाळी वेळ वाढवते, चारा कमी करत नाही. दिवसभर जाळी भरत राहिलात तर वजन उतरेलच असं नाही. वजन उतरतं ते काट्यावर मोजलेल्या चाऱ्याने. आधी मोजा, मग भरा.

घोड्याचं वजन टेपनेही काढता येतं. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880 म्हणजे अंदाजे किलो. घेर 165 आणि लांबी 155 असेल तर घोडा साधारण 355 किलोचा. वजन उतरवताना रोजचा सुका चारा शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास ठेवतात; इथे वाळलेलं गवत सुमारे 6 किलो. याहून खाली पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

हे गवत तीन-चार वेळांत विभागा, सगळ्यात मोठा वाटा रात्रीसाठी ठेवा. हरभरा, गूळ बंद करा. पहिले काही दिवस थोडं गवत मोकळं टाका, नाहीतर घोडा चिडून जाळी ओढतो. जाळी जाड दोरीची हवी आणि रिकामी झाल्यावरही खूर अडकणार नाही इतकी वर बांधा. कडब्याची कुट्टी जाळीत टिकत नाही, त्यासाठी लांब गवतच घ्या.

दर पंधरा दिवसांनी टेप लावा आणि बरगडीवरून हात फिरवा. बरगडी डोळ्यांना दिसली नाही तरी चालेल, पण हलक्या हाताला लागली पाहिजे. पुढच्या वर्षी सारंगखेड्याला गेलात, तर नुसतं बघू नका. मालकाला विचारून हात लावून बघा.