थंडीत गाडी रुसते का? मग आधी बॅटरीकडे बघा!

हिवाळा म्हटला की गरमागरम चहा, हुरडा, शेकोटी आणि पांघरुणातून बाहेर पडायचा कंटाळा. पण हा कंटाळा फक्त तुम्हालाच येतो असं नाही, तुमच्या गाडीलाही येतो! पहाटे चावी फिरवावी आणि इंजिनाऐवजी नुसता 'कट्-कट्-कट्' आवाज यावा, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

आमच्या घरी हे गेल्या जानेवारीत झालं. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि सकाळी 7 वाजता हॉस्पिटलमध्ये पोहोचायचं होतं. नाशिकची थंडी, आजी शाल-कानटोपी घालून मागच्या सीटवर तयार, आणि गाडी स्टार्टच होईना. बाबा सेल्फ मारतायत, आवाज दरवेळी आणखी मरगळतोय. शेवटी समोरचे काका उठून त्यांची गाडी घेऊन आले म्हणून वेळ निभावली. दुपारी मेकॅनिकने बॅटरी तपासली आणि म्हणाला, "ही आत्ता नाही गेली. ही मे महिन्यातच गेली होती, तुम्हाला आज कळलं."

मला तेव्हा ते वाक्य विनोदी वाटलं होतं. पण तो अगदी बरोबर होता.

मारतो उन्हाळा, नाव थंडीचं

गाडीच्या नेहमीच्या बॅटरीत शिशाच्या प्लेट्स आणि पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड असतं. त्यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून वीज मिळते. उन्हाळ्यात बॉनेटखालच्या उष्णतेने आतलं पाणी उडतं आणि प्लेट्स लवकर झिजतात. बॅटरी तेव्हाच अशक्त होते, पण गरम हवेत इंजिन सहज फिरतं, त्यामुळे तिचा अशक्तपणा झाकला जातो.

मग थंडी येते आणि दोन्ही बाजूंनी कोंडी होते. गारठ्यात ती रासायनिक क्रिया मंदावते. तापमान शून्य अंशाच्या आसपास गेलं की चांगल्या बॅटरीचीही ताकद साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. त्यात इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. धडधाकट बॅटरी हे सहन करते. चार उन्हाळे काढलेली करत नाही.

म्हणून तपासणी थंडी पडल्यावर नाही, दिवाळीच्या आसपासच करून घ्या. बॅटरीच्या दुकानात 'लोड टेस्ट' काही मिनिटांत होते. घरी मल्टिमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे. 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू असताना साधारण 13.5 ते 14.5 दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी अल्टरनेटर तपासा, नाहीतर नवी बॅटरीही महिन्याभरात झोपेल.

गाडी उभी असते, पण बॅटरी खर्च होत असते

आमच्या बाबांची खरी चूक वेगळीच होती. गाडी फक्त भाजी मंडईपर्यंत, दोन किलोमीटर जाणं आणि दोन येणं. एकदा स्टार्ट करायला जी वीज खर्च होते, ती एवढ्याशा फेरीत भरून निघत नाही. त्यात डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, सेंट्रल लॉक हे सगळे गाडी बंद असतानाही थोडी-थोडी वीज पीत राहतात. 'रोज पाच मिनिटं चालू करून ठेवतो' हा उपायही फसवा आहे, कारण जागेवर उभ्या गाडीत चार्जिंग फारच हळू होतं. आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास चालवा. दोन-तीन आठवडे गावाला जाणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवणं उत्तम (गाडीतलं घड्याळ परत लावावं लागेल, तेवढं सोसा).

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसते ना? तीही वीज अडवते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली लावा. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हातमोजे घाला, आणि जवळपास काडी-सिगरेट अजिबात नको, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही.

दिल्ली, इंदूर किंवा निफाडला राहणाऱ्यांना एवढं पुरे. पण लेह-लडाखला नोकरी किंवा पोस्टिंग असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज ठेवणं ही निव्वळ सोयीची गोष्ट राहत नाही. पूर्ण चार्ज बॅटरीतलं द्रावण उणे 60 अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं उणे 10च्या आसपासच गोठू शकतं आणि खोकं फुटतं. गोठलेल्या बॅटरीला जंपर लावू नका, स्फोट होऊ शकतो.

आणि तरीही सकाळी नाहीच झाली तर?

एसी, ब्लोअर, दिवे, गाणी सगळं बंद करा. गिअरची गाडी असेल तर क्लच पूर्ण दाबा, म्हणजे स्टार्टरवरचा भार थोडा हलका होतो. डिझेल गाडीत कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. स्कूटरला किक असेल तर थंडीत पहिल्यांदा किकच मारा.

जंपर केबल लावायचा क्रम मात्र पाठच करा. लाल वायर आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग शेजाऱ्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला, आणि दुसरं टोक तुमच्या मायनसला नाही, तर तुमच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली तरी ती वायूजवळ उडत नाही. त्यांची गाडी काही मिनिटं चालू ठेवून मग तुमची स्टार्ट करा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, हसू नका! बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

आज संध्याकाळी खाली जाल तेव्हा बॉनेट उघडून बॅटरीवरची तारीख बघा. चार वर्षं होत आली असतील तर टेस्ट करून घ्या. बदलायची वेळ आलीच, तर जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या आणि तिचे पैसे नव्या बिलातून वजा करून मागा.