भूसंपर्कन व मापनातील विद्युत् गोंगाट

तापमान, दाब, कंपन इ. राशी मोजताना संवेदक त्या राशीच्या प्रमाणात अखंडपणे बदलणारा विद्युत् संकेत देतो. त्यास सदृश संकेत म्हणतात. त्यात मिसळणाऱ्या आगंतुक विद्युत् दाबास गोंगाट, तर मंडलातील ठराविक बिंदू संवाहकाने जमिनीस जोडण्याच्या क्रियेस भूसंपर्कन म्हणतात. क्रोमेल-ॲल्युमेल तपयुग्म दर १° से. ला सु. ४० मायक्रोव्होल्ट दाब देते. म्हणून त्याच्या मंडलात केवळ १ मिलिव्होल्ट गोंगाट शिरला, तरी तापमानात सु. २५° से. ची चूक होऊ शकते.

गोंगाटाची कारणे : शेजारच्या वीजवाहक तारांमुळे ५० हर्ट्झ कंप्रतेचा दाब मापनमंडलात प्रवर्तित होतो. दुसरे कारण सदोष भूसंपर्कन होय. भूमीचे वर्चस् सर्वत्र शून्य असते, हे गृहीत सोयीचे असले, तरी वस्तुस्थिती तशी नसते. जमिनीतून यंत्रांचे झिरपलेले प्रवाह वाहत असल्याने दोन ठिकाणांमध्ये वर्चोभेद असतो. संवेदक व मापक दोन्ही आपापल्या जागी जमिनीस जोडल्यास एक बंद वलय तयार होऊन हा वर्चोभेद संकेतात मिसळतो.

जमिनीतील अशा प्रवाहांमुळे महाराष्ट्रात एक वेधशाळाच हलवावी लागली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय वेध घेतले जात होते. शहरातील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरल्यावर रुळांतून परतणारा प्रवाह जमिनीत झिरपून वेध दूषित होणार, हे स्पष्ट झाले. हे विक्षोभ मूळ भूचुंबकीय बदलांप्रमाणेच मंद असल्याने ते गाळून वेगळे करणे शक्य नव्हते. अंतर हाच उपाय होता. त्यामुळे नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू झाली. १९०४–०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडण्यात आली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली.

उपाय : संकेतमंडल एकाच बिंदूशी भूसंपर्कित करतात. संकेताच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून घेतल्यास त्यांच्या लगतच्या वेढ्यांत प्रवर्तित होणारे दाब परस्परांस छेद देतात. कमी कंप्रतेच्या संकेतांसाठी तारांभोवतीचे धातूचे वेष्टन बहुधा एकाच टोकाशी जमिनीस जोडतात. दोन तारांमधील फरकच वाढविणारा विवर्धक वापरल्यास दोहोंत समान असलेला गोंगाट बराचसा वगळला जातो. सदृश संकेताचे अंकीय रूपांतर करण्यापूर्वी त्यातील अनिष्ट उच्च कंप्रता छानक मंडलाने कमी करणे आवश्यक असते. अन्यथा सेकंदाला ४९ नमुने घेतल्यास ५० हर्ट्झचा गोंगाट १ हर्ट्झच्या खोट्या संकेतासारखा दिसतो व मागाहून ओळखता येत नाही. मात्र गोंगाट घटविण्यासाठी उपकरणाची संरक्षक भूसंपर्क तार कधीही तोडू नये. तीमुळे जीविताचे रक्षण होते.

क्षेत्रीय मापन : सांगली जिल्ह्यातील आटपाडीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात बेसाल्ट खडकातील भूजलाचा शोध विद्युत् रोधकतेच्या मापनाने घेता येतो. बाहेरील दोन विद्युत् अग्रांतून जमिनीत प्रवाह सोडून आतील दोन अग्रांमधील वर्चोभेद मोजतात. कोरड्या जमिनीत अग्रांचा संपर्करोध फार वाढतो, म्हणून अग्रांभोवती मिठाचे पाणी ओततात. अग्रांची रांग वीजवाहिनीस समांतर ठेवणे टाळतात. जमिनीत मुळातच असलेला वर्चोभेद प्रवाह उलटविल्याने उलटत नाही. त्यामुळे दोन्ही दिशांच्या वाचनांतील फरकाची निमपट घेतल्यास तो वगळला जातो. ही दक्षता न घेतल्यास कोरडा थरही जलधारक भासू शकतो व शेतकऱ्याचा विहिरीवरील खर्च वाया जातो.