बालवीरांचा गौरव आणि वर्गातील पाठ

कर्तृत्ववान मुलांच्या गौरवाचा समारंभ हा शालेय जीवनातील एक आनंदाचा प्रसंग होय. २६ डिसेंबर अथवा २६ जानेवारी या दिवशी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असा समारंभ योजिला जातो, तेव्हा दूरदूरच्या गावांतून विद्यार्थी तेथे येतात. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव यांसारख्या तालुक्यांतील मुले पहाटे उठून निघतात, भाषणे ऐकतात, टाळ्या वाजवितात आणि सायंकाळी घरी परततात. दुसऱ्या दिवशी वर्गात नित्याचे पाठ सुरू होतात. समारंभाचे फलित काय, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. तो विचारला जावा व त्याचे उत्तर शिक्षकांस सापडावे, एवढ्यासाठी येथे काही विवेचन केले आहे.

प्रथम या गौरवाचा उगम पाहू. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर एक कार्यक्रम चालू असता मंडपास आग लागली. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू तेथे उपस्थित होते. स्वयंसेवक म्हणून काम करणारा हरिश्चंद्र मेहरा हा चौदा वर्षांचा बालवीर, म्हणजे स्काऊट, खांबावर चढला व आपल्याजवळील चाकूने त्याने जळते कापड कापून वेगळे केले. त्याचे हात भाजले. परंतु पुढचा अनर्थ टळला. या घटनेतूनच बालकांच्या शौर्याचा राष्ट्रीय पातळीवर गौरव करण्याची कल्पना पुढे आली आणि भारतीय बालकल्याण परिषदेने त्याच वर्षी राष्ट्रीय शौर्य पुरस्कार सुरू केला. पुढे १९७८ मध्ये संजय व गीता चोप्रा या भावंडांच्या नावाने, १९८७ मध्ये ‘भारत’ या नावाने, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रातील बापू गायधनी याच्या नावाने विशेष पुरस्कारांची भर पडली.

केंद्र शासनातर्फे आता ‘प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार’ दिला जातो. शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला व संस्कृती आणि विज्ञान व तंत्रज्ञान अशी त्याची सहा क्षेत्रे आहेत. पाच ते अठरा वर्षे वयाची मुले त्यास पात्र असतात. गुरू गोविंदसिंग यांचे धाकटे पुत्र जोरावरसिंग व फतेहसिंग यांच्या बलिदानाच्या स्मरणार्थ २६ डिसेंबर हा दिवस ‘वीर बाल दिवस’ म्हणून पाळण्याची घोषणा जानेवारी २०२२ मध्ये झाली आणि २०२४ साली राष्ट्रपतींच्या हस्ते हे पुरस्कार त्याच दिवशी देण्यात आले.

हा झाला इतिहास. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. धाडस हा जन्मजात गुण असून तो ज्याच्या ठायी असतो त्याच्याच ठायी असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्ष उदाहरणे तपासली असता ती अपुरी ठरते.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईच्या परळ भागातील ‘क्रिस्टल टॉवर’ या उंच इमारतीस आग लागली. त्या आगीत चार माणसे दगावली. इमारतीत राहणारी झेन सदावर्ते ही दहा वर्षांची मुलगी मात्र गोंधळली नाही. कापडाचे तुकडे ओले करून ते नाकातोंडावर धरावे व त्यातून श्वास घ्यावा, असे तिने धुरात सापडलेल्या शेजाऱ्यांस सांगितले. तिच्या या प्रसंगावधानामुळे सुमारे सतरा जणांचे प्राण वाचले. हे तिला कोठून सुचले? तिसरीत असताना शाळेत या विषयाची जी माहिती मिळाली होती, तीच तिला ऐन वेळी आठवली. तिला २०१९ चा राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण परदेशातील आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांसह फिरत होती. समुद्राचे पाणी विचित्र रीतीने फेसाळत असल्याचे तिने पाहिले आणि त्सुनामी येत आहे हे ओळखले. तिने आग्रह धरला म्हणून किनारा रिकामा करण्यात आला व शंभराच्या आसपास माणसे वाचली. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिच्या शिक्षकांनी त्सुनामीची लक्षणे शिकविली होती.

हरिश्चंद्रास स्काऊटचे शिक्षण मिळाले होते, झेनला तिसरीचा पाठ मिळाला होता, टिलीला भूगोलाचा तास मिळाला होता. तिघांच्याही शौर्यामागे कोणीतरी शिकविलेली एक साधी गोष्ट उभी आहे. व्यासपीठावर सन्मान मुलांचा होतो आणि तो योग्यच आहे. पण त्यांच्या मागे एक अदृश्य शिक्षक उभा असतो, हे आपण विसरू नये.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. समारंभातील शौर्यकथा ऐकून लहान मुले अनुकरणास प्रवृत्त होतात. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी पोहता न येणाऱ्या मुलाने उडी घेतली, तर एकाऐवजी दोन घरांवर शोककळा पसरते. आपल्या जिल्ह्यात गावोगावी मामा तलाव व बोड्या आहेत. वैनगंगा, वाघ व चुलबंद या नद्या आहेत. यास्तव शौर्यकथेच्या जोडीनेच पुढील गोष्टी मुलांच्या मनावर बिंबविणे अगत्याचे आहे :

१. कोणी बुडत असल्यास प्रथम मोठ्याने हाक मारून माणसे गोळा करावी. काठावरूनच बांबू, दोर, ओढणी पुढे करावी अथवा रिकामा बंद डबा फेकावा. पाण्यात उडी घेऊ नये.

२. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रोग्यास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, तत्काळ सरकारी दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा.

३. रोवणीच्या दिवसांत आकाशात गडगडाट सुरू होताच बांधीतून बाहेर पडावे व पक्क्या घराचा आश्रय घ्यावा. एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

४. मोह वेचावयास पहाटे एकट्याने जंगलात जाऊ नये. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत तर हा नियम कटाक्षाने पाळावा. सोबतीने जावे व बोलत, आवाज करीत जावे.

संकट टाळणारा मुलगा हा संकटात उडी घेणाऱ्या मुलाहून कमी शूर नसतो, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

कर्तृत्व केवळ आगीत व पाण्यातच दिसते असेही नाही. महाराष्ट्रात दुर्मीळ झालेला सारस पक्षी प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच आढळतो. ‘सेवा’ या संस्थेचे तरुण कार्यकर्ते शेतकऱ्यांच्या साहाय्याने त्याची गणना करितात व धानाच्या बांधीतील घरट्यांचे रक्षण व्हावे म्हणून झटतात. हे काम चिकाटीचे आहे; त्यात टाळ्या कमी आणि चिखल अधिक. धाकट्या भावंडास कडेवर घेऊन शाळेत येणारी मुलगी, घरी गोंडी बोलणाऱ्या नव्या मुलास मराठी पाठ समजावून देणारा मुलगा, हीदेखील आपल्या परीने समाजाचे ऋण फेडीत असतात. त्यांच्याकडे प्रथम शिक्षकाचेच लक्ष जावयास हवे.

समारंभास जाण्यापूर्वी शिक्षकाने विद्यार्थ्यांस एखाद्या सन्मानित बालकाची हकीकत सांगावी. परतल्यावर दुसऱ्या दिवशी एक तास चर्चेसाठी राखून ठेवावा आणि तीन प्रश्न विचारावे : त्या मुलाने नेमके काय केले? त्याला ते कसे ठाऊक होते? तोच प्रसंग आपल्या गावात आला तर आपण काय करू? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मुलांनी स्वतःच्या बोलीत दिली तरी हरकत नाही.

शेवटची गोष्ट नोंदीची. दुर्गम गावातील मुलाचे धाडस पुष्कळदा गावाच्या वेशीबाहेर जात नाही, कारण ते कोणी लिहून ठेवीत नाही. राष्ट्रीय बाल पुरस्कारासाठी नामनिर्देशन ऑनलाइन करावयाचे असते व ते कोणीही करू शकतो. घटना ताजी असतानाच तिची तारीख, स्थळ, साक्षीदार व मुलाचे वय मुख्याध्यापकांनी लिहून ठेवावे; पोलिसांत वा ग्रामपंचायतीत नोंद झाली असल्यास तिची प्रत जपून ठेवावी. अतिशयोक्ती करू नये; खरे तेवढेच लिहावे.

पुरस्कार मिळो अथवा न मिळो, अशा मुलाचा सत्कार शाळेच्या परिपाठात, त्याच्या आईवडिलांसमक्ष अवश्य व्हावा. दिल्लीचा समारंभ वर्षातून एकदाच होतो व तेथे थोडीच मुले पोहोचतात. परिपाठ मात्र प्रत्येक शाळेत रोज होतो, आणि उद्या एखाद्याचा जीव वाचविणारा पाठ कदाचित आजच्या तासाला शिकविला जावयाचा असतो.