मुळाच्या कडेचा सामू

हळदीला चुना लागला की ती लाल होते. पारंपरिक कुंकू याच रसायनावर बनते. आम्ल-अल्कली रंगावरून ओळखण्याची युक्ती अशी घरातलीच. नवे आहे ते तिचे माप. काही मायक्रोमीटर व्यासाच्या, केसाहून कितीतरी बारीक अशा पॉलिमरच्या मण्यांत दोन रंगद्रव्ये बांधतात. फ्लोरेसीन निळ्या उजेडात हिरवे चकाकते, पण आम्ल वाढले की मंदावते. रोडामीनची तांबूस चकाकी फारशी हलत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंचे गुणोत्तर काढले की सामू, म्हणजे pH, मिळतो. मणी कुठे दाट पडले, दिवा कुठे मंद होता, याने हिशेब चुकत नाही. गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या भातशेतीला सामूचा एकच आकडा चिकटवणे किती फसवे आहे, ते दाखवायला हे मणी फार कामाचे आहेत.

इथली गोम लोहात आहे. डिचोलीच्या जांभ्यात आणि खाणींवरून वाहून येणाऱ्या गाळात ते भरपूर. शेतात पाणी तुंबले की मातीतली हवा संपते, जिवाणू फेरिक लोहाचे फेरस करतात, त्यात आम्ल खर्ची पडते आणि आंबट जमिनीचा सामू सातच्या दिशेने चढतो. भाताचे मूळ मात्र आतल्या पोकळ्यांतून प्राणवायू खाली नेते आणि थोडा बाहेर झिरपू देते. तिथे फेरसचा पुन्हा गंज होतो, आणि लोहाच्या प्रत्येक अणूमागे दोन हायड्रोजन आयन सुटतात. उपटलेल्या रोपाच्या मुळांवर तांबूस लेप दिसतो, तो हाच. त्याला लागून असलेली माती काही मिलिमीटरांवरच्या मातीहून आंबट होते; सामूचा एक अंक घसरला तरी आम्लता दहापट होते, आणि जस्त, स्फुरद मुळाला किती मिळणार हे याच कडेवर ठरते. माती परीक्षणात काय करतात? माती सावलीत वाळवतात, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात, 20 ग्रॅम मातीत 50 मिलिलिटर पाणी घालून ढवळतात, मग इलेक्ट्रोड बुडवतात. ती कड त्या ढवळण्यातच मोडते.

चुना किती टाकायचा हे ठरवायला जुनी पद्धत पुरते, असे कोणी म्हणेल. पुरते, आणि स्वस्तही आहे. पेडण्यातल्या खाजनांचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांचा, आक्षेप अधिक जड आहे. तेरेखोल-शापोरा नद्यांचे खारे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत-बाहेर करते, पावसाने मीठ धुतले की कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात उभे राहते. आणि मिठाने फ्लोरेसीनचा प्रतिसाद सरकतो. म्हणून मणी आधी तेवढ्याच खाऱ्या द्रावणात पारखून घ्यावे लागतात. शिवाय फ्लोरेसीन साधारण 5 ते 7.5 एवढ्याच टप्प्यात भरवशाचे. सामू चारवर उतरला तर दुसरे रंगद्रव्य शोधावे लागते. सूक्ष्म इलेक्ट्रोड आहेतच की? आहेत, पण ते एका वेळी एकच जागा टोचतात. मण्यांचा थर अख्ख्या मुळाचा नकाशा देतो. मग प्लास्टिकचे कण शेतात ओतायचे का? मुळीच नाही. काचेच्या अरुंद पेटीत रोप वाढवायचे आणि मणी काचेलगत जेलच्या पातळ थरात बसवायचे. जुने गोवे येथील किनारी कृषी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी शोभणारे हे काम आहे, बांधावरचे नव्हे. तोवर मृद आरोग्य पत्रिकेवर सामूच्या आकड्याशेजारी ‘वाळवलेल्या मातीचा’ एवढे दोन शब्द तरी छापावेत.