हुकूमनामा हाती, पण कब्जा कोणाकडे?

दावा जिंकला म्हणून पेढे घेऊन आलेल्या पक्षकाराला मी पहिला प्रश्न विचारतो, "दरखास्त केव्हा टाकायची?" त्याचा चेहरा पडतो. कोर्टाने जमीन आपली ठरवली, मग आता आणखी कसली दरखास्त?

समाजबांधवांनो, हुकूमनामा म्हणजे जमीन नव्हे. निकाल देणारे न्यायाधीश बांधावर येत नाहीत. बांधावर येतो तो बेलीफ, आणि तोही आपोआप येत नाही. अंमलबजावणीची दरखास्त दाखल करावी लागते. तिची मुदत साधारणपणे १२ वर्षांची. मग कब्जा वॉरंट निघते, नाझराकडे जाते आणि नाझर ते बेलिफाच्या हाती देतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशातील नियम ३५ प्रमाणे हा बेलीफ जागा न सोडणाऱ्याला बाहेर काढू शकतो, कुलूप तोडू शकतो. जागेत भाडेकरू असेल तर नियम ३६ प्रमाणे वॉरंटची प्रत डकवून दवंडी पिटायची असते. (गावात दवंडीचे काम कोणाच्या माथी मारलेले होते, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.)

कागदावर एवढे बळ असलेला हा माणूस गावात मात्र एकटा असतो. माझ्या एका पक्षकाराच्या शेतावर बेलीफ गेला तेव्हा सामनेवाल्याचे वीसेक लोक बांधावर उभे होते. पंच म्हणून सही करायला अख्ख्या गावात एक माणूस मिळेना. बेलिफाने सामनेवाल्याच्याच ओसरीवर चहा घेतला, ‘अडथळा झाल्याने कब्जा देता आला नाही’ असा अहवाल लिहिला आणि दुपारची एस.टी. पकडली. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पोलीस बंदोबस्ताचा अर्ज आधीच द्यायला हवा होता. ती चूक माझी.

अडथळा झाला की आपली माणसे खचतात आणि घरी बसतात. नेमके तेव्हाच बसायचे नाही! अडथळ्याच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत नियम ९७ खाली अर्ज करा. हरलेल्या पक्षाने किंवा त्याच्या चिथावणीवरून इतरांनी विनाकारण अडवले, तर नियम ९८ प्रमाणे कोर्ट त्यांना ३० दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकते.

हे दुखणे जुनेच. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असे बजावले, मार्च २०२५ मध्ये पुन्हा बजावले. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयापुढे आलेला देशातल्या प्रलंबित दरखास्तींचा आकडा ८ लाख ८२ हजारांवर होता. त्यात सर्वाधिक, सुमारे ३ लाख ४१ हजार, आपल्या महाराष्ट्रातल्या!

बेलीफ कधी आपल्याही दारात येतो, पैशाच्या वसुलीसाठी. तेव्हा कलम ६० लक्षात ठेवा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटकही करता येत नाही.

त्या शेतावर दुसऱ्या खेपेला बेलीफ पोलीस घेऊन गेला. पंच शेजारच्या गावचे होते. पंचनामा होऊन कब्जेपावतीवर सही झाली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सोमवारी आम्ही सातबाऱ्याच्या नोंदीसाठी अर्ज दिला.