दाव्याला बांधलेली मुलं

लहान मूल दाव्याला बांधणारी आई आपल्याला निर्दय वाटेल. पण मैत्रिणींनो, तिची वाडी आधी पाहा.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, केथनेस परगण्यात समुद्राच्या उभ्या कड्यावर बॅडबी नावाची वाडी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जमीनदारांनी मेंढ्यांसाठी लँगवेलसारखी खोरी रिकामी करवली. लोकरीला भाव होता, माणसांना नव्हता! उठवलेली कुटुंबं या उतारावर आली. दगड वेचून त्यांनी घरं उभारली. पुरुष हेरिंग मासळी धरायला जायचे. घर, गुरं नि जमिनीचा तुकडा बायका सांभाळायच्या. वारा असा की, कड्यावरून खाली जाऊ नयेत म्हणून गुरांना आणि मुलांनाही बांधून ठेवत, असं सांगतात. त्या आईच्या हातून दुसरं काय होणार होतं?

शेवटचा रहिवासी १९११ मध्ये गेला. त्याच वर्षी तिथल्याच घराच्या दगडांचं स्मारक उभं राहिलं. ते उभारणाऱ्याचे वडील, अलेक्झांडर सदरलंड, बॅडबीत जन्मले आणि १८३९ साली न्यूझीलंडला गेले होते. आज तिथे स्मारक नि पडक्या भिंती आहेत.

माणसं उठवता येतात. घर मनातून उठत नाही, हेच खरं.