द्वारकेचे नवे स्थलांतर

दिल्लीच्या नैर्ऋत्येस पप्पनकलां या गावाच्या परिसरात दिल्ली विकास प्राधिकरणाने जे विस्तीर्ण उपनगर वसविले, त्याला द्वारका हे नाव लाभले. नाव पुराणातले, वस्ती मात्र आधुनिक. क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, सहकारी संस्थांच्या उंच इमारती आणि 2005 च्या अखेरीस तेथे पोहोचलेली मेट्रो, असे तिचे रूप आहे. मूळ द्वारकेची कथा सर्वश्रुतच आहे. जरासंधाच्या वारंवारच्या स्वाऱ्यांना कंटाळून श्रीकृष्णाने समुद्रात नगरी उभारविली आणि मथुरेची प्रजा तेथे नेली. भागवतकार सांगतात की, हे स्थलांतर योगसामर्थ्याने झाले. आजच्या द्वारकेतील एखाद्या घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेच एक स्थलांतर करू पाहते. योगसामर्थ्य त्याच्यापाशी नाही. म्हणूनच ही क्रिया नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

हलवावयाची ती नगरी संगणकावरील खेळातली असते. 'माइनक्राफ्ट' हा खेळ मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थाने 2009 मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवला. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची मोजांग ही संस्थाच विकत घेतली. या खेळात सारी सृष्टी घनाकृती ठोकळ्यांची असते. मूल ते ठोकळे खणते, रचते आणि त्यांतून घरे, पूल, किल्ले उभारते. असा एखादा किल्ला दोन-दोन वर्षे बांधला जातो. मग पुण्याच्या मावसभावाने आणि नागपूरच्या आतेबहिणीनेही तेथे यावे, आपल्याबरोबर बांधावे, असे मुलाला वाटू लागते. एकट्याचे जग सामाईक करावयाचे, तर ते सर्व्हरवर न्यावे लागते. या कामात चूक झाली तर दोन वर्षांची मेहनत पुसली जाण्याची भीती असते, आणि मुलाच्या लेखी ती हानी खऱ्या घराच्या हानीहून लहान नसते.

हे जग असते तरी कोठे? ते एका फोल्डरात असते. खेळाची भूमी एका मूळ अंकापासून, म्हणजे 'बीजा'पासून, गणिताने उत्पन्न होते. जिथवर खेळाडू फिरला तेवढाच प्रदेश फायलींत नोंदविला जातो. सोळा ठोकळे लांब व सोळा रुंद असा एक तुकडा, आणि अशा 1,024 तुकड्यांची एक फाइल, अशी ही व्यवस्था आहे. गावच्या तलाठ्याचे दप्तर जसे गटवार लावलेले असते, तसाच हा प्रकार. याखेरीज जगाची वेळ, नियम इत्यादी सांगणारी एक मुख्य फाइल असते, आणि प्रत्येक खेळाडूची एक स्वतंत्र फाइल असते.

सर्व्हर म्हणजे या दप्तराचा कारभारी होय. सूर्य कधी मावळावा, पीक केव्हा पिकावे, कोणी कोणता दगड फोडला, याचा निर्णय तो करतो. संगणकावरील मूळ खेळात 2012 पासून एकट्याने खेळतानाही असा कारभारी पडद्यामागे काम करीत असतो. तेव्हा स्थलांतरात जगाचे स्वरूप बदलत नाही. फक्त त्याचा सांभाळ करणारा बदलतो.

कृती तशी सोपी आहे. प्रथम खेळ पूर्ण बंद करावा, कारण लिहिले जात असलेले दप्तर उचलल्यास पाने अर्धवट राहतात. मग जगाच्या फोल्डरची प्रत काढून ती सर्व्हरच्या फोल्डरात ठेवावी, आणि सर्व्हरच्या मांडणीच्या फायलीत जगाचे जे नाव लिहावयाचे असते, तेथे त्या फोल्डरचे नाव तंतोतंत लिहावे. येथेच बहुतेकांची गफलत होते. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी सर्व्हर तक्रार करीत नाही. तो मुकाट्याने नवे, ओसाड जग निर्माण करतो. किल्ल्याच्या जागी रान पाहून मुलाला रडू कोसळते. वास्तविक काहीच गेलेले नसते. फक्त पत्ता चुकलेला असतो. सर्व्हरची आवृत्तीही खेळाच्या आवृत्तीशी जुळावी. जुने जग नव्या आवृत्तीत चालते. नवे जग जुन्या आवृत्तीत उघडू पाहणे धोक्याचे असते. मोबाइलवरील खेळाची नोंद ठेवण्याची पद्धत तर मुळातच वेगळी असल्याने त्याचे जग संगणकावरील मूळ खेळाच्या सर्व्हरवर जसेच्या तसे चालत नाही.

दुसरी अडचण माणसाची. सर्व्हर खेळाडूला नावाने नव्हे, तर एका दीर्घ ओळखक्रमांकाने जाणतो. खात्याची शहानिशा न करण्याची सवलत सर्व्हरवर ठेवली असेल, तर हा क्रमांक बदलतो आणि धनी आपल्याच किल्ल्यात रिकाम्या खिशाने, परक्यासारखा उभा राहतो. यावर जुन्या प्रवाशांची युक्ती उपयोगी पडते. निघण्यापूर्वी अंगावरचे सारे धन एखाद्या पेटीत ठेवावे. पेटी ही जगाचा भाग असते, आणि ती जगाबरोबर सुखरूप येते.

सर्वांत मोलाची दक्षता मात्र इतिहासच शिकवितो. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी महाराष्ट्रातील देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविली. काही वर्षांतच ती परत न्यावी लागली, आणि लोकांचे अपार हाल झाले. माणसांची प्रत काढता येत नाही, फायलींची येते. म्हणून जुने जग मूळ जागी अबाधित ठेवावे, आणि नव्याचीही प्रत नियमाने काढीत जावे.

जग सामाईक झाले की त्याचा धर्मही बदलतो. एकट्याच्या जगात खेळ थांबविला की सूर्यही थांबे. आता धनी झोपला असला तरी दुसरा कोणी खेळत असेपर्यंत दिवस-रात्र चालूच राहतात. कोणी न विचारता भिंत पाडील, कोणी न सांगता बाग लावील. सोसायटीच्या फाटकावर जशी पाहुण्यांची नोंद असते, तशी येथेही निमंत्रितांची यादी करता येते आणि ती करावीच. परंतु यादीने केवळ परके दूर राहतात. आतल्यांशी जमवून घेणे ज्याचे त्यालाच शिकावे लागते. दोन वर्षे आपल्या एकट्याचा असलेला किल्ला भावंडांच्या हाती सोपविताना मुलाला जो क्षणभर संकोच वाटतो, तो ओलांडला की नगरी खऱ्या अर्थाने वसली असे म्हणावयास हरकत नाही.